एक्झॉस्ट चालू होता

पुण्यातल्या तळजई टेकडीवरच्या वाळल्या गवताला वणवा लागला, की रात्री वारा पडल्यावर धूर उताराने खाली उतरतो आणि पायथ्याच्या इमारतींत पहाटेपर्यंत बसून राहतो. परवा रात्री अशाच एका फ्लॅटमध्ये हवा तपासायला गेलो. आजोबांना दमा, हवेचा प्युरिफायर नवा. "दादा, दोन दिवस मशीन बंद केलं नाही, तरी वास जातच नाही हो," सूनबाई काकुळतीला आल्या होत्या.

मीटरवर पीएम २.५, म्हणजे धुरातले अतिसूक्ष्म कण, बाहेर २१०, बेडरूममध्ये ९५. आपलं चोवीस तासांचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमचं आहे. खोली बारा बाय चौदा, उंची दहा फूट, म्हणजे जवळजवळ ४८ घनमीटर. तासाला पाचदा हवा गाळायची तर सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा, २४० हवा. तेवढा होता. हेपा, म्हणजे बारीक कण अडवणारा फिल्टर, तोही स्वच्छ.

मग उदबत्ती लावून स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकशी धरली. धुराची रेघ वर न जाता खोलीत आडवी झाली. बाथरूमच्या दाराशी धरली, तर खालच्या फटीतून सरळ आत ओढली गेली. आत एक्झॉस्ट चालू! वास जावा म्हणून घरच्यांनीच लावलेला. सहा इंची पंखा तासाला दोनेकशे घनमीटर हवा बाहेर फेकतो, आणि तेवढीच हवा ट्रॅकमधून, पावसाचं पाणी जायच्या भोकांतून धुरासकट आत येते. प्युरिफायरने गाळावं तरी किती?

एक्झॉस्ट बंद करून जाळीवर पुठ्ठा चिकटवला, ट्रॅकला फोमची पट्टी, दाराखाली ओला टॉवेल. चाळीस मिनिटांत आकडा २५ वर. वासाला मात्र कार्बनचा जाड थर लागतो, हेपा वायू अडवत नाही. त्यासाठी दुकानदाराने ओझोन सोडणारं यंत्र गळ्यात मारलं होतं. दम्याच्या माणसाच्या उशाशी ओझोन, श्वासनलिकेला झोंबणारा वायू! विकणाऱ्याला जराही विचार करावासा वाटला नाही, याची चीड येते.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. बंद खोलीत तिघं झोपले की कार्बन डायऑक्साइड चढतो, म्हणून निघताना म्हणालो, "सकाळी खिडक्या उघडा." त्यांनी साडेपाचला उघडल्या. नेमका तेव्हाच धूर जमिनीलगत असतो. फोन आला तेव्हा खोलीत १८०. ऊन तापून वारा सुटल्यावर, बाहेरचा आकडा बघून उघडा, असं सांगायला हवं होतं. मीटर सध्या त्यांच्याकडेच ठेवलाय.