हतनूरच्या काठावर मासे ओळखताना

तापीवरच्या हतनूर धरणाला मासे बघायला जायचं तर उजाडताना काठावर असा. नऊ वाजेपर्यंत माल बर्फात जाऊन टेम्पो निघालेला असतो आणि मागे उरतात ते नुसते खवले. मुक्काम भुसावळला करावा. रेल्वेचं मोठं जंक्शन, त्यामुळे कुठूनही येणं सोपं. तिथून वरणगावमार्गे आत वळलं की धरण. गाडी स्वतःची असेल तर उत्तम, नसेल तर आदल्या रात्रीच रिक्षा ठरवून ठेवा. पहाटे ऐनवेळी कोणी मिळत नाही.

मोसम थंडीचा. बॅकवॉटरला परदेशी पक्षीही तेव्हाच येतात, म्हणजे दुर्बीण घेतलीत तर एका खेपेत दोन कामं. पावसाळ्यात धरणाचे ४१ दरवाजे कधी उघडतील ते नदीच्या वरच्या पावसावर, म्हणून भोंगा वाजो न वाजो, खालच्या पात्रात उतरू नये. आणि मे महिन्यात भुसावळला मुद्दाम जाणाऱ्याला मी काय सांगणार?

माझ्याबरोबर भाची होती, अकरावी सायन्सची. पुस्तकातली चित्रं तिला पाठ होती, पण ताडपत्रीवर ओतलेल्या ढिगापुढे ती गप्पच झाली, कारण सगळेच मासे चंदेरी-करडे दिसत होते. जाळं सोडवत बसलेले काका म्हणाले, “भो, रंग नका पाहू. आधी आंग पहा, मग मिशा, मग पाठ.” आम्ही तिथे काढलेल्या सकाळीचं सार हेच. गढूळ पाण्यातला मासा फिका पडतो, मेला की आणखी उतरतो. खवले, पर (पोहायचे पंख) आणि तोंड मात्र जागचे हलत नाहीत.

अंगापासून सुरुवात करू. मोठे, गोल, एकावर एक चढलेले खवले, पण डोकं मात्र गुळगुळीत, पाठीवर एकच पर आणि जबड्यात दात नाहीत, असा मासा बहुतेक कार्प कुळातला. याचे दात घशात असतात. धरणात बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडतात ती मुख्यतः याच कुळातली: कटला, रोहू, मृगळ. हे तिघे वेगळे करायचे तर तोंड उघडून बघा. कटल्याचं डोकं अंगाच्या मानाने भलतंच मोठं, खालचा जबडा पुढे आलेला आणि तोंड वर वळलेलं, कारण तो पृष्ठभागाजवळ खातो. मिशा नाहीतच. रोहूच्या ओठांना झालरीसारख्या कातरलेल्या कडा असतात. बोट फिरवलं की कळतं. परांवर तांबूस झाक. तो मधल्या थरात चरतो. मृगळ सडपातळ, नाकाड बोथट, तोंड खालच्या अंगाला, कारण त्याचं खाणं तळाशी. तोंड कुठे वळलंय यावरून मासा कोणत्या थरात जेवतो हे सांगता येतं, हे कळल्यावर भाचीने ढिगातला प्रत्येक मासा उचलून बघायला सुरुवात केली. काकांनी हाकललं नाही, हे त्यांचं मोठेपण.

सायप्रिनस (कॉमन कार्प) हाही याच कुळातला, पण त्याचा पाठीवरचा पर लांबलचक आणि मिशांच्या दोन जोड्या. एवढं पुरे.

खवलेच नाहीत, कातडी बुळबुळीत आणि तोंडाभोवती लांब मिशा, म्हणजे मार्जारमासे. इथे हात घालण्याआधी विचारा. शिंगाड्याच्या पाठीवरच्या आणि छातीच्या परांत कडक काटे असतात, आणि शिंगीचा काटा तर विषारी. लागला की हात तासन् तास ठणकतो. शिंगाड्याच्या पाठीवर शेपटीकडे एक मऊ, काटे नसलेला मांसल पर दिसतो, तो मेदपर. त्यावर काळा ठिपका असतो. शिवड्याला मेदपर नाही. त्याचं तोंड डोळ्याच्याही मागेपर्यंत फाटलेलं आणि पोटाखालचा पर जवळपास शेपटीपर्यंत गेलेला. मांगूर आणि शिंगी यांच्यात घोळ होत असेल तर पाठ बघा: मांगूरच्या पाठभर पर, शिंगीचा अगदी चिमुकला. आफ्रिकन मांगूर पाळण्यावर देशात २००० सालापासून बंदी आहे, तरी तो बाजारात दिसतो. स्वस्तात मोठा मांगूर कोणी देऊ लागला तर कुठला ते विचारावं.

मरळ टबात जिवंत होती. ती दर थोड्या वेळाने वर येऊन हवा गिळते, कारण हवेतला प्राणवायू घ्यायची सोय तिच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर असते. डोकं सापासारखं चपटं, त्यावर मोठाल्या खवल्यांच्या फरश्या, पाठीवर आणि पोटाखाली लांब पर आणि दोन्हींत एकही काटा नाही. वांब दिसायला सापासारखी. पाठीवर पुढच्या बाजूला सुटे सुटे बारीक काटे रांगेत असतात. खऱ्या ईलला ते नसतात.

तिलापिया इथला नाही, पण आता सगळीकडे आहे. पाठीवरच्या पराचा पुढचा भाग काट्यांचा, मागचा मऊ. अंगावरची रेघ मध्येच तुटून खालून पुन्हा सुरू होते. आणखी एक बारकावा: नाकपुड्या. रोहूला प्रत्येक बाजूला दोन, तिलापियाला एकच. भिंग नेलंत तर छानच, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा जवळ धरून झूम करा.

परतताना भुसावळच्या बाजारात बर्फातले समुद्री मासे बघायला थांबलो. मुशीच्या (म्हणजे छोट्या शार्कच्या) मानेला कल्ल्याचं झाकण नाही, उघड्या चिरा दिसतात. तिच्या सांगाड्यात हाड नाही, कूर्चा आहे, आणि कातडीवरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर खरखर लागते. पाकट हा चपटा मासा त्याच गटातला, फक्त त्याच्या चिरा पोटाकडे. पापलेट मोठं झालं की त्याला पोटाचे पर राहत नाहीत. आणि बोंबलालाही मेदपर असतो बरं! म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका. निदान दोन-तीन जुळल्या पाहिजेत. झिंगा मात्र मासा नाहीच, दहा पायांचा कवचधारी.

बरोबर घ्या: जुनी चप्पल (काठाला गाळ फार), पाणी, पट्टी, वही, जुना रुमाल. मासे हाताळायचे तर आधी विचारा, आणि हाताळलेत तर निदान किलोभर घ्या. सकाळचा धंदा अडवून फुकट शिकवणी घेणं बरं नाही. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाऊ नका. वेळ उरला तर वरच्या अंगाला तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं जुनं दगडी मंदिर आहे, ते बघा. जेवायला कळण्याची भाकरी आणि भरीत कुठेही मिळेल. मासा मात्र काठावरच साफ करून घ्या, लॉजवाले खोलीत आणू देत नाहीत.