गोनु, गोनातोस

बुधवार, रात्री उशिरा

आजची अख्खी संध्याकाळ एका शब्दात गेली. प्राचीन ग्रीकमध्ये गुडघ्याला ‘गोनु’ म्हणतात. नपुंसकलिंगी. आपलं संस्कृत ‘जानु’ही नपुंसकलिंगी, आणि दोघांचं मूळ एकच. ‘आजानुबाहू’ आपण सहज म्हणतो, त्यातला जानु हाच.

कोशात नुसतं ‘गोनु’ देऊन भागत नाही, शेजारी षष्ठीचं ‘गोनातोस’ लिहावंच लागतं. प्रथमेच्या एकवचनात न दिसणारा ‘त’ पुढच्या विभक्त्यांत उगवतो. शाळेत ‘मधु, मधुनः’ घोकताना मधेच ‘न’ यायचा, तसाच. जानुही तसाच चालतो: जानुनः. संस्कृतने ‘न’ घेतला, ग्रीकने ‘त’. ‘दोरु, दोरातोस’ची तीच तऱ्हा. दोरु म्हणजे लाकूड, भाला. देवदारातलं ‘दारु’ त्याचं भावंड. जानु-दारु, गोनु-दोरु असं वहीत एकाखाली एक लिहिलं आणि कितीतरी वेळ बघत बसले. आजच्या ग्रीकमध्ये तर त्या ‘त’ने मुक्कामच ठोकलाय; गुडघा म्हणजे ‘गोनातो’.

रात्री आईच्या गुडघ्यांना तेल लावत होते. तळहाताखाली गुडघ्याची वाटी हलत होती आणि डोक्यात प्रायम. आपण पाय धरतो, ग्रीक महाकवी होमरची माणसं गुडघे धरतात. इलियडच्या 24व्या सर्गात म्हातारा राजा प्रायम आपल्या मुलाचं, हेक्टरचं, प्रेत मागायला शत्रूच्या गोटात जातो, अकिलीजचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी त्याची मुलं मारली त्याच हातांचं चुंबन घेतो. याच काव्यात रणात कुणी मेला की ‘त्याचे गुडघे सुटले’ असं येतं. माणूस ज्याच्या बळावर उभा राहतो तोच सांधा हातात घेऊन मागायचं. आईचा गुडघा धरलेला असताना हे मला कोशापेक्षा जास्त कळलं.

आपण हातावरून हाताळणे केलं, लाथेवरून लाथाडणे. ग्रीकांनी गुडघ्यावरून क्रियापद केलं: ‘गूनूमाइ’, म्हणजे मी विनवतो. होमरच्याच ओडिसीच्या सहाव्या सर्गात समुद्राने किनाऱ्यावर टाकलेला, उघडा, अंगावर मिठाचे थर असलेला ओडिसियस राजकन्या नॉसिकासमोर येतो. दासी पळतात, ती एकटी उभी राहते. हिचे गुडघे धरावेत की लांबूनच बोलावं? धरले तर ती रागावेल, म्हणून तो लांबच थांबतो. आणि तोंडातून पहिला शब्द निघतो तो ‘गूनूमाइ’च. हात लावला नाही, पण गुडघा शब्दात आहेच. होमरने हा शब्द इथे किती जपून ठेवलाय! मी ती ओळ तीनदा मोठ्याने वाचली.

सातव्या सर्गात तो नॉसिकाच्या आईचे, राणी अरेतेचे, गुडघे खरोखर धरतो. मग चुलीजवळ राखेत जाऊन बसतो, कुणी हाताला धरून उठवेपर्यंत. ते उद्या वाचायचं आहे.