आंबोलीच्या रानातला तीन सुरांचा आवाज

आवाज तीन सुरांचा होता. पहिला सूर आखूड आणि किंचित सुटा, त्यामागून एकमेकांना जवळजवळ चिकटलेले दोन, आणि त्यातल्या शेवटच्या सुराला बारीकशी खरखर. अक्षरांत मांडायचे तर ‘टुक्, टो-टोर्र’. मग क्षणभराची विश्रांती आणि पुन्हा तेच, त्याच पट्टीत, त्याच अंतराने. मार्च महिन्यात आंबोलीला एका परिचितांच्या घरी मुक्काम असताना, जेवणे आटोपून अंगणात बसल्यावर मागच्या निमसदाहरित रानातून हा आवाज येऊ लागला आणि मध्यरात्र उलटून गेली तरी फारसा थांबला नाही. भीती वाटावी असे त्यात काहीच नव्हते. उलट तो इतका नियमित होता की आमच्यातील एकाला दूरच्या एखाद्या पंपाचा संशय आला.

रात्रीच्या रानात पक्षी शोधायला निघालेल्या माणसाने आधी जे पक्षी नाहीत त्यांचा हिशेब चुकता करावा, असे माझे मत आहे. आंबोलीत पहिला संशय बेडकावर जातो आणि तो रास्तही आहे, कारण पावसाळ्यात तिथल्या झुडपी बेडकांचा टकटकाट इतका असतो की त्यात दुसरे काही ऐकू येणे कठीण. पण हा मार्च होता आणि पालापाचोळा पायाखाली कुरकुरत होता. घरच्या आजोबांनी तर हा मुद्दा एका वाक्यात निकालात काढला: “पाऊस नाय, मग बेबो खंयचो वरडता?” रातकिड्यांचा आवाज बराच वरच्या पट्टीत असतो आणि भेकराचे भुंकणे तुटक नि मोठे असते, त्यामुळे त्यांचा विचार फार वेळ करावा लागला नाही.

आता उरले पक्षी. ‘रात्रीचा पक्षी म्हणजे घुबड’ असे आपण गृहीत धरतो, पण सह्याद्रीच्या रात्रीत रातव्यांचा वाटा मोठा आहे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तर पावशाही रात्री-बेरात्री ओरडत सुटतो. पावशाची चढत जाणारी हाक कुणीही ओळखेल. रातव्यांसाठी मात्र कान थोडा तयार लागतो. गावाकडच्या माळावर सर्रास ऐकू येणारा साधा रातवा ‘चक्, चक्, चक्’ असे म्हणत शेवटी इतका घाईला येतो की फरशीवर टाकलेली गोटी टप्पे घेत घेत थरथरून थांबावी तसे वाटते. रानातला जंगल रातवा ‘चक्-चक्-चक्’ एका गतीने लांबवतो, तर सड्यांवरचा सव्हाना रातवा उडता उडता एकेकटे ‘च्वीप’ टाकत जातो. आमच्या आवाजात ना घाई होती, ना लांबण, ना एकटेपणा. तीन सुरांचा बांधीव तुकडा आणि मग विराम, हीच त्याची घडण होती.

घुबडांकडे वळल्यावर हीच घडण कामी आली. ब्राऊन हॉक आऊल दोन सुरांत बोलते, ‘ऊ-उक्, ऊ-उक्’, आणि त्यातला दुसरा सूर चढा असतो. आपल्या बागांतून आणि आमरायांतून असणारे इंडियन स्कॉप्स आऊल एकच सूर काढते, ‘वट्?’, जणू काही विचारते आहे अशा ढंगात, आणि बराच वेळ ते एकाच प्रश्नावर अडून राहते. ओढ्याकाठच्या मत्स्य घुबडाचा घुमारा इतका खोल असतो की इथे त्याचा प्रश्नच नव्हता. तीन सुरांची मांडणी जुळत होती ती ओरिएंटल स्कॉप्स आऊलशी. सुमारे एकोणीस सेंटिमीटर लांबीचे, डोक्यावर कानांसारखी पिसांची शिंगे असलेले, करड्या आणि तांबूस अशा दोन रंगरूपांत आढळणारे हे घुबड ब्रिटिश निसर्गअभ्यासक ब्रायन हॉजसन यांनी १८३६ साली नेपाळमधून शास्त्राला परिचित करून दिले. इंडियन स्कॉप्स आऊलचे डोळे गडद, तर याचे पिवळे. अर्थात काळोखात डोळ्यांचा रंग कुणाला दिसणार?

मोबाइलवरच्या पक्षी-ओळखीच्या ॲपने त्या रात्री काहीच नाव सुचवले नाही. आवाज दूरचा होता, वर रातकिड्यांचे अखंड छत होते, त्यामुळे मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. मुळात अशा ॲपला साक्षीदार मानावे, न्यायाधीश मानू नये. त्याने नाव सांगितले तर ते तपासावे आणि न सांगितले तर रेकॉर्डिंग जपून ठेवावे. मी तेच केले आणि दुसऱ्या दिवशी त्या रेकॉर्डिंगचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाची पट्टी आणि वेळ दाखवणारा आलेख, संगणकावर काढला. रातकिडे वरच्या बाजूला काही किलोहर्ट्झवर जाड पट्ट्याच्या रूपात दिसत होते आणि त्यांच्या बऱ्याच खाली, अगदी स्वच्छ, तीन-तीन लहान रेघांचे पुंजके ओळीने मांडलेले होते: एक सुटी रेघ, दोन जवळच्या, शेवटच्या रेघेची कड थोडी फाटलेली. २००५ पासून चालणाऱ्या झेनो-कँटो या ध्वनिसंग्रहात ओरिएंटल स्कॉप्स आऊलच्या भारतातील ध्वनिमुद्रणांशी ते ताडून पाहिले तेव्हा सुरांची संख्या, त्यांतली अंतरे आणि पट्टी ही तिन्ही जुळली.

माझ्या एका पक्षीमित्राला हे पटत नाही. पाहिल्याशिवाय नोंद नाही, हा त्याचा जुना बाणा. दिवसाच्या पक्ष्यांबाबत मी त्याच्याशी वाद घालणार नाही, कारण कोतवाल दुसऱ्यांच्या नकला करतो, मैनाही ऐकलेले उचलते. गाणारे पक्षी, पोपट आणि हमिंगबर्ड हे आवाज शिकतात, आणि जे शिकता येते त्यात फसवाफसवीलाही वाव असतो. घुबडांचे तसे नाही. त्यांची हाक उपजत असते. पिल्लू ती कुणाकडून शिकत नाही. त्यामुळेच लहान शिंगळ्या घुबडांच्या वर्गीकरणात पिसांपेक्षा कंठाला अधिक वजन मिळाले. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ जो मार्शल यांनी १९७८ साली आशियातील लहान निशाचर पक्ष्यांचे वर्गीकरण प्रामुख्याने आवाजाच्या आधारे मांडले. ओरिएंटल स्कॉप्स आऊल एके काळी युरोपातल्या स्कॉप्स आऊलचीच उपजात मानले जाई. दिसायला दोघे खूपच जवळचे, पण युरोपातले घुबड दोन-तीन सेकंदांनी एकच सूर लावते आणि आपले तीन-चार सुरांचा तुकडा म्हणते. इंडोनेशियातील लोंबोक बेटावरची गोष्ट तर याहून बोलकी आहे. तिथल्या घुबडाची कातडी १८९६ सालापासून संग्रहालयात होती, पण तिच्यात वेगळे काही आहे हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. २००३ साली दोन अभ्यासकांनी, एकमेकांना न विचारता, रात्री त्याची हाक ऐकली आणि ती अनोळखी वाटली म्हणून शोध सुरू झाला. २०१३ साली रिंजानी स्कॉप्स आऊल ही नवी जाती म्हणून प्रसिद्ध झाली.

तेव्हा घुबडाच्या हाकेला मी ओळखपत्र मानतो. तरीही पक्षी नेमका कुठे बसला आहे हे शोधायचा मोह आवरला नाही, आणि त्यासाठी फक्त कान वापरले. रस्त्यावर उभे राहून दोन्ही तळहात कानांमागे धरावेत, हळूहळू मान फिरवावी, आवाज सर्वांत ठळक लागेल ती दिशा लक्षात ठेवावी आणि मग बरेच बाजूला चालत जाऊन हाच उद्योग पुन्हा करावा. दोन्ही दिशा जिथे छेदल्या ते एक जुने जांभळाचे झाड निघाले. झाडाखाली आम्ही गेलो नाही. मोबाइलवर हाक वाजवून पक्ष्याला समोर बोलावणे तर मला अजिबात मान्य नाही. उन्हाळ्याचे हे दिवस त्यांच्या विणीचे असतात आणि आपल्या हद्दीत परका नर शिरल्याचे समजून तिथला नर घरटे, भक्ष्य सारे सोडून धावत येतो. कॅमेऱ्यासाठी हे करणाऱ्यांची संख्या घाटात वाढते आहे, आणि त्यांना ‘पक्षीप्रेमी’ म्हणणे मला जड जाते.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना ‘पाहिले नाही, ऐकले’ असे स्पष्ट लिहिले आणि मुद्रण न कापता जोडले. मुद्रण सुरू असताना तारीख, वेळ, ठिकाण आणि आवाजाची दिशा स्वतःच्या तोंडाने बोलून ठेवावी, म्हणजे पुढे फायलींचा गोंधळ होत नाही. त्याच मुद्रणात, साडेअकराच्या सुमारास, ओढ्याच्या बाजूने आलेली एक कर्कश किंकाळी आहे. ती एकदाच आली, त्यामुळे तिचा ताल मोजता येत नाही आणि दुसऱ्या हाकेशी ताडताही येत नाही. नोंदीत ती मी ‘अनोळखी’ या शीर्षकाखाली ठेवली आहे.