आंभोऱ्याचं पाणी श्रीलंकेला जातं तेव्हा

नागपूरच्या पोट्ट्यानं समुद्रावर पीएचडी करावी हा आमच्या घरातला कायमचा जोक आहे. झिरो माइलवरून कोणत्याही दिशेनं निघा, समुद्र यायला दिवस जातो, मी स्वतः तो पहिल्यांदा एकविसाव्या वर्षी पाहिला. नोव्हेंबरातली बंगालच्या उपसागरातली क्रूझ (म्हणजे संशोधनाच्या जहाजावरची मोहीम) आटोपून आठवडाभर घरी आलो तर बाबा म्हणाले, "महिनाभर लोकाचं पाणी पाहून राहिला होता ना, चल आता आपलं पाणी पाहू." मग काय, रविवारी सकाळी तर्री-पोहे हाणले आणि कुही-वेलतूर मार्गे आंभोऱ्याला निघालो.

आंभोरा म्हणजे वैनगंगा, कन्हान आणि अजून तीन नद्यांचा संगम, पण गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमुळे आता तलावच वाटतो. चैतन्येश्वराचं दर्शन झालं, फोटो झाले, मग नव्या पुलाच्या वरच्या गॅलरीत गेलो. खाली पाणी एकदम गप्प. बाबा म्हणाले, "आपल्या नाग नदीचं पाणी यातच येते न? मंग पुढं?"

झालं, मी सुरू. नाग कन्हानमध्ये, कन्हान इथं वैनगंगेत, खाली वर्धा येऊन मिळाली की प्राणहिता, सिरोंच्याजवळ गोदावरी, आणि तिथून आंध्रातून उपसागर (अर्थात धरण, शेतं आणि ऊन यांचा वाटा काढून जे उरेल ते). शाळेत नदी समुद्राला मिळाली की धडा संपायचा, माझं काम तिथूनच सुरू होतं. पूर्व किनाऱ्याला लागून एक प्रवाह आहे, तो नोव्हेंबरच्या सुमारास दक्षिणेकडे वाहतो आणि मार्चमध्ये चक्क उलटा, उत्तरेकडे. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, सगळ्यांनी पावसाळ्यात ओतलेलं गोडं पाणी तो हिवाळ्यात खाली ओढून नेतो आणि श्रीलंकेला वळसा घालून त्यातलं काही पार अरबी समुद्रात पोचतं.

बाबा पाटबंधारेतून रिटायर, त्यांना आकडा लागतो. "क्युमेक किती?" क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर पाणी. म्हटलं समुद्रात क्युमेक पुरत नाहीत, तिथं स्वेरड्रप असतो, एक स्वेरड्रप म्हणजे सेकंदाला 10 लाख घनमीटर. जगातल्या सगळ्या नद्या मिळून सव्वाच्या आसपास भरतात आणि एकटा गल्फ स्ट्रीम फ्लोरिडापाशीच 30 च्या घरात असतो. "बाप्पा! गोसीचे 33 दरवाजे उघडले तरी बातमी हजारातच असते न गा."

मग त्यांचा खरा प्रश्न आला, "पण हे पाणी कुठलं हे समजते कसं? नाव थोडी लिहिलेलं असते." नाव नसतं पण मीठ असतं. अरबी समुद्राच्या एका किलो पाण्यात 36 ग्रॅमच्या वर, आणि पावसाळ्यानंतर उपसागराच्या उत्तरेला वरच्या थरात 30 च्याही खाली. हे मोजायला सीटीडी नावाचं यंत्र वायरवरून खाली सोडतात, भोवती गोल लांब बाटल्या, वर येताना हव्या त्या खोलीवर एकेक बंद करायची. रात्री अडीचची शिफ्ट, डेकवर अंगाला चिकटणारी गरम हवा, आणि हजार मीटरवरच्या बाटलीचा नळ सोडला की हाताला फ्रीजमधलं पाणी! सॅम्पलची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, नाहीतर आधीचं मीठ राहतं. एकदा मी झाकणाची दोरी नीट अडकवली नाही, बाटली उघडीच वर आली, त्या खोलीचं पाणी गेलं ते गेलंच.

स्क्रीनवरच्या आलेखात मात्र मजा येते. वरचे काही मीटर गोडसर, मग मिठाची रेघ झटक्यात उजवीकडे पळते. उन्हाळी मान्सूनमध्ये श्रीलंकेच्या दक्षिणेकडून अरबी समुद्राचं खारं पाणी उपसागरात शिरतं, जड असल्यानं ते आपल्या नद्यांच्या थराखाली सरकून बसतं. वारा वरून घुसळतो, खालचं खारं थोडं थोडं वर येतं, म्हणून गोदावरीच्या मुखापासून निघालेलं पाणी श्रीलंकेपर्यंत पोचताना तेवढं गोडं राहतच नाही. किती बदललं, कुठं बदललं, यातच माझी पाच वर्षं चालली आहेत.

बॅगेतून थर्माकोलचा कप काढून बाबांना दिला. त्यावर मार्करनं 'नागपूर' लिहून जाळीच्या पिशवीत सीटीडीला बांधून हजार मीटर खाली पाठवला होता, तिथल्या दाबानं हवा पिळून निघाली आणि अक्षरांसकट आक्रसून अंगठ्याएवढा झाला. खाली टपरीवर बाबांनी चहावाल्याला तो दाखवला आणि "यात देतो का कटिंग?" विचारलं, तो नुसता बघतच राहिला.

परतताना उमरेड रोडच्या गर्दीत बाबा मध्येच म्हणाले, "मार्चमध्ये उलटा वाहते म्हणतो, मंग आपलं पाणी वापस येते का?" म्हटलं, थोडं येत असेल, तेच मोजायला मार्चची क्रूझ आहे, नाव दिलंय. आईला अजून सांगितलेलं नाही.