पाणी भरणारा कर्णधार

"फ्रान्सच्या फुटबॉलमध्ये झिदान, आँरी, एम्बापे एवढे सगळे असताना तुम्हाला दिदिए देशाँच का आवडतो?" सरावाला येणारी मुलं विचारतात, त्यांना न्यायला आलेले पालक विचारतात आणि विश्वचषक जवळ आला की जुने मित्र फोन करून विचारतात. मैदानाच्या कडेला उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट बसून सांगतो.

१२ जुलै १९९८. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते आणि आम्ही दहा-बारा जण एका टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलो होतो. विश्वचषकाचा अंतिम सामना, स्टाद द फ्रान्सवर फ्रान्स विरुद्ध ब्राझील. मध्यंतराआधीच झिदानने दोन कॉर्नरवर डोक्याने दोन गोल मारले आणि खोलीत नुसता झिदानचा जयघोष. मी तेव्हा आमच्या संघात बचावफळीच्या अगदी पुढ्यात खेळायचो. त्यामुळे माझे डोळे आपसूक त्याच जागेवर खेळणाऱ्या सात नंबरकडे, म्हणजे देशाँकडे जायचे. बेताच्या उंचीचा कर्णधार. चेंडू आला की एक-दोन स्पर्शांत जवळच्याला द्यायचा आणि लगेच हात लांब करून तिसऱ्याला त्याची जागा दाखवायचा. ६८व्या मिनिटाला फ्रान्सच्या देसायीला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं, फ्रान्सचे दहाच जण उरले. त्यानंतर देशाँचा तो हात खाली आलेला मला आठवतच नाही. ३-० ने सामना संपला आणि चषक सगळ्यात आधी त्याने उचलला.

त्याच्या दोन वर्षं आधी फ्रान्सच्याच एरिक कँटोनाने त्याला 'पाणी वाहणारा' म्हटलं होतं. सायकलच्या शर्यतीत म्होरक्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणून देणाऱ्याला फ्रेंचमध्ये हाच शब्द आहे. आपल्या भाषेत पाणक्या. बोलणाऱ्याला त्यात कमीपणा दाखवायचा होता. पण पैठणला नाथांच्या घरी कावडीने रांजण भरणारा श्रीखंड्या कोण होता, हे ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. मला त्या शब्दात कमीपणा कधी दिसलाच नाही. आणि या पाणक्याच्या नेतृत्वाखालीच मार्सेय १९९३ मध्ये मिलानला १-० ने हरवून युरोपचा चषक जिंकणारा पहिला फ्रेंच क्लब ठरला होता. तेव्हा त्याचं वय फक्त २४.

त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये जे झालं, ते त्याच्या हाडात मुरलं असावं असं मला नेहमी वाटतं. बल्गेरियाविरुद्ध १-१. बरोबरी झाली तरी फ्रान्स १९९४ च्या विश्वचषकाला जाणार. शेवटच्या क्षणी फ्रान्सला कोपऱ्याजवळ फ्री किक मिळाली. चेंडू तिथेच अडवून धरला असता तर संपलं होतं. त्याऐवजी लांबलचक क्रॉस मारला गेला, चेंडू बल्गेरियाकडे गेला आणि काही सेकंदांत कोस्तादिनोव्हने गोल केला. देशाँ त्या सामन्यात खेळत होता. पुढे त्याचे संघ एका गोलाची आघाडी जिवापाड जपताना पाहिले की मला ती फ्री किक आठवते.

प्रशिक्षक म्हणून तो मोनॅकोला २००४ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात घेऊन गेला. वाटेत त्यांनी झिदानच्या रेआल माद्रिदला बाहेर काढलं. खालच्या श्रेणीत ढकलल्या गेलेल्या इटलीच्या युव्हेंटसला त्याने एका मोसमात वर आणलं, मार्सेयला १८ वर्षांनी लीग जिंकून दिली. मग तो फ्रान्सचाच प्रशिक्षक झाला. पण मला सांगायचंय ते २०१८ च्या विश्वचषकाबद्दल.

रशियातल्या पहिल्या सामन्यात त्याने पुढे एम्बापे, ग्रीझमन आणि देंबेले असे तीन चपळ खेळाडू उतरवले. ऑस्ट्रेलियाला फ्रान्सने कसंबसं २-१ ने हरवलं. पुढच्याच सामन्यात जिरू आणि मात्युइदी संघात आले. मात्युइदी मुळात मधल्या फळीचा, त्याला डावी कड सांभाळायला दिली. जिरू तर नऊ नंबरचा, म्हणजे गोल करणं हेच त्याचं काम, आणि अख्ख्या स्पर्धेत त्याचा एकही फटका गोलजाळीच्या रोखाने गेला नाही! तरी देशाँने त्याला हलवलं नाही. जिरू पाठीवर बचावपटू घेऊन उभा राहायचा, उंच चेंडू खाली उतरवून द्यायचा आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेत एम्बापे धावायचा. पाणी भरण्याचं मोल कळलेला माणूसच असा संघ निवडू शकतो. अंतिम सामन्यात २-१ अशी आघाडी असताना पिवळं कार्ड मिळालेल्या कांतेला त्याने ५५व्या मिनिटाला बाहेर घेतलं. दहा मिनिटांत पोग्बा आणि एम्बापेचे गोल झाले. फ्रान्स ४-२ ने जिंकला. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी विश्वचषक जिंकणारा तो तिसराच. पहिले दोघे, झागालो आणि बेकनबाउर, जानेवारी २०२४ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने गेले.

त्याचा फ्रान्स रटाळ खेळतो, असं तुम्ही म्हणता. २०२४ च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, ते खरं होतं. उपांत्य फेरीपर्यंत प्रतिस्पर्ध्यांचे दोन स्वयंगोल आणि एक पेनल्टी, एवढ्यावरच संघ पोचला. मलाही बघवत नव्हतं. पण तो फक्त घाबरून खेळतो, हे मी कधीच मान्य करणार नाही. २०२२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना पुन्हा पाहा. अर्जेंटिना २-० ने पुढे, आणि मध्यंतर व्हायच्या आत, ४१व्या मिनिटाला, त्याने जिरूला बाहेर बोलावलं. आपला सगळ्यात भरवशाचा माणूस! त्याच्यासोबत देंबेलेही गेला. थुराम आणि कोलो म्युआनी आत आले, ७१व्या मिनिटाला कोमान आला. ८०व्या मिनिटाची पेनल्टी कोलो म्युआनीने मिळवली. लगेच पुढे कोमानने मेस्सीच्या पायातला चेंडू काढला आणि थुरामने तो एम्बापेकडे उंच टाकला. एम्बापेने तो हवेतच जाळीत मारला आणि बरोबरी झाली. पुढे फ्रान्स पेनल्टी शूटआउटमध्ये हरला.

माझ्याकडच्या पोरांना एम्बापेची ती हवेतली किक तोंडपाठ आहे. मी त्यांना चित्रफीत दहा सेकंद मागे न्यायला सांगतो, आणि मग आम्ही कोमानचे पाय बघतो.