परवाचा मसूर

आमच्या घरात अन्नाच्या दोनच जाती, ताजं आणि शिळं. रात्रीचं सकाळपर्यंत राहिलं की ते शिळं, मग त्याची फोडणीची पोळी होणार नाहीतर फोडणीचा भात होणार, आणि घरातले सगळे ते ताज्या जेवणापेक्षा दुप्पट खाणार, पण वाढताना "शिळंच आहे हां जरा" असं म्हणूनच वाढलं जाणार. आणि याच घरात फडताळात चिनी मातीच्या बरणीत वर्षभराचं लोणचं, त्याला कुणी शिळं म्हणून दाखवा! ते मुरलेलं. आता शिळं नेमकं कुठं संपतं आणि मुरलेलं कुठं सुरू होतं हा प्रश्न मला वयाच्या 43 व्या वर्षी पडला, आणि तोही मसुरामुळे.

मी वाळवा तालुक्यातला. आमच्या भागात अख्खा मसूर हे प्रकरण वेगळंच आहे, घरी होतो तो मसूर आणि ढाब्यावर मिळतो तो अख्खा मसूर, दोघांची ओळखदेख नाही. हायवेच्या ढाब्यावर वाटी पुढ्यात आली की आधी लाल तर्री दिसते, मसूर खाली बुडी मारून बसलेला असतो, त्याला रोटीने हुडकून काढायचा. मी कॉलेजात असल्यापासून हुडकतोय. मग नोकरीमुळे पुण्यात आलो, बायको गावाकडं झेडपीच्या शाळेत शिक्षिका, पोरं तिथंच, मी इथं वन बीएचकेत एकटा, आणि गावी जाताना किंवा येताना वाटेत ढाबा. गेल्या वर्षी लिपिड प्रोफाइल केलं तेव्हा त्या सगळ्या तर्रीचा हिशोब एका कागदावर आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेल कमी करा, कडधान्यं वाढवा. मी म्हटलं मॅडम, अख्खा मसूर म्हणजे कडधान्यच की. त्यांनी चष्म्याच्या वरून नुसतं बघितलं.

दुपारी मेसचा डबा यायचा, त्यात तेल कमी करा म्हटलं तर मेसवाले मावशींना राग. ऑफिसच्या खालच्या कॅफेत सॅलड मिळतं, 340 रुपयांना एक बोल, भरपूर पानं आणि पानांच्या मधे कुठंतरी कडधान्य. पानं खाऊन खाऊन साडेतीन वाजता वडापाव खाल्ला तेव्हा कळलं की हे आपल्याच्यानं व्हायचं नाही. मसूर तर घरात होता, म्हटलं आपणच करू.

पहिला रविवार फुकट गेला, कारण घरात मसूर होता म्हणजे मसुराची डाळ होती. केशरी. ती साल काढून फोडलेली असते, उकळत्या पाण्यात पडली की दहा-बारा मिनिटांत हातपाय गाळते. मी सॅलडच्या नावानं वरण केलं, त्यात चिरलेली काकडी घातलेली, बायकोला फोटो पाठवला तर तिने फक्त "अरेरे" लिहिलं. दुसऱ्या रविवारी सालीसकट अख्खा मसूर आणला, तो सवयीनं कुकरला लावला, तीन शिट्ट्या. झाकण उघडलं तर तपकिरी लगदा, चव चांगली होती पण लगदाच. हे कुकरचं काम नाही हे मला कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं, म्हणून आता मी भेटेल त्याला सांगतो.

तर कसं करायचं ते. एक वाटी मसूर, माझी वाटी साधारण 200 ग्रॅमची, एवढ्यात रविवार रात्रीपासून बुधवारपर्यंतचे चार डबे होतात. आधी ताटात पसरून निवडायचा. हल्लीच्या पाकिटात खडे नसतात म्हणतात पण मसुराच्या रंगाचा, मसुराच्याच मापाचा एखादा खडा असतोच, आणि तो नेमका ऑफिसात सगळ्यांच्या देखत दाढेखाली येतो. मला चाळिशी लागल्यापासून चष्मा लावून निवडावा लागतो, आणि यात एक गंमत आहे, भिंगाला लेन्स म्हणतात ना, तो शब्द लॅटिनमध्ये मुळात मसुराचा आहे. दोन्ही बाजूंनी फुगीर भिंग मसुराच्या दाण्यासारखं दिसतं म्हणून. म्हणजे मी रविवारी सकाळी दोन मसूर डोळ्यांवर लावून बाकीचे मसूर निवडत बसलेला असतो.

मसूर भिजवायची सक्ती नाही. छोटा आणि चपटा दाणा, राजमा-छोल्यासारखा आदल्या रात्रीपासून तयारीत राहावं लागत नाही. तरी मी अर्धा-पाऊण तास भिजवतो कारण तेवढ्यात आंघोळ होते. मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी, मीठ, तमालपत्राचं एक पान, आणि उघड्यावर शिजू द्यायचा, मध्यम आचेवर. फेस येतो तो काढायचा. दहा मिनिटांनंतर पातेल्यापासून लांब जायचं नाही, फोन घ्यायचा नाही, व्हॉट्सॲपवर कुणाचा वाढदिवस असला तरी संध्याकाळी विश करता येतो. दर दोन मिनिटांनी एक दाणा काढून बोटात दाबून बघायचा. आधी तो कडक असतो, मग बाहेरून दबतो पण आत पांढरी कणी लागते, आणि मग एक वेळ अशी येते की दाणा दबतो, कणी नसते, पण साल अजून शाबूत असते. ही वेळ दोन-तीन मिनिटांचीच असते. तेव्हाच चाळणीत ओतायचा. त्यानंतर साली सुटून पाण्यावर तरंगायला लागल्या की समजायचं वरणाच्या दिशेनं निघालात.

आंबट मात्र शिजताना अजिबात घालायचं नाही, ना टोमॅटो ना कोकम ना लिंबू. आंबटात कडधान्य शिजायला हट्ट करतं, तासभर उकळलं तरी कणी राहते.

निथळलेलं पाणी बेसिनमध्ये ओतलं तर आमची आई मला घराबाहेर काढेल. पुरणाच्या डाळीचं पाणी काढून कटाची आमटी करणारी माणसं आपण. मसुराच्या पाण्याचं मी लसूण-जिऱ्याची फोडणी आणि दोन आमसुलं घालून सार करतो, रविवारी दुपारी भाताबरोबर तेच. म्हणजे सॅलड चार दिवसांचं, वर सार फुकट.

आता खरी मेख. मसूर गरम असतानाच त्याच्यात लिंबू, मीठ, भरडलेली मिरी, जिरेपूड आणि दोन चमचे शेंगदाण्याचं तेल घालायचं. गरम दाणा हे सगळं आत ओढून घेतो, गार झाल्यावर घातलं तर वरच्यावर राहतं आणि तळाशी आंबट पाणी साचतं. तूप घालू नका, खोबरेल पण नको, फ्रीजमध्ये थिजून मसुराला मेणासारखं चिकटतं, हेही मी करून बसलोय. मग परातीत पसरून पंख्याखाली गार करायचा, वाफ कोंडली की डब्यात पाणी सुटतं आणि वास येतो. गार झाला की लगेच काचेच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये, दारात नाही तर आत, मागच्या बाजूला जिथं जास्त गार असतं. दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचा नाही, आपल्या हवेत तर नाहीच.

कांदा बारीक चिरून लिंबात आणि चिमूटभर मिठात वेगळा मुरवून ठेवतो, त्याचा उग्रपणा जातो आणि गुलाबी होतो. काकडी, टोमॅटो, कोथिंबीर हे मात्र त्या त्या दिवशी सकाळी. काकडीला मीठ लागलं की तिला रडू फुटतं, रात्रभर ठेवली तर सकाळी सगळं गाळात. गाजर चालतं आधी घातलेलं, ते सोशिक आहे. कधी भाजलेले दाणे, कधी डाळिंबाचे दाणे, आणि चैत्र-वैशाखात लिंबाच्या जागी कैरी किसून, तेव्हा तर वेगळंच काहीतरी होतं.

खर्चाचं सांगतो कारण मी अकाउंट्समधला माणूस आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या वाण्याकडे मसूर किलोला 100 च्या आसपास, म्हणजे 200 ग्रॅमचे 20 रुपये. कांदे, गाजर, चार काकड्या, टोमॅटो, लिंबं, कोथिंबीर, तेल, गॅस धरून सगळं 80 च्या पुढे जात नाही, म्हणजे डब्याला 20 रुपये. कच्च्या मसुरात 100 ग्रॅममागे 24 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, म्हणजे प्रत्येक डब्यात 12 ग्रॅम, वर फायबर, लोह. लिंबामुळे ते लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी लागतं, त्यामुळे माझा दुपारचा चहा आता तासभर पुढे गेलाय, हा या सॅलडचा एकमेव जाच.

आणि चव. पहिल्या दिवशी म्हणजे रविवारी रात्री चाखून बघितला तर मसूर वेगळा लागतो, लिंबू वेगळं, मिरी वेगळी, लग्नात दोन्हीकडची मंडळी आपापल्या खुर्च्यांवर बसलेली असतात तसं. सोमवारी ठीक. मंगळवारी मात्र बात जमते. मंगळवारचा डबा मी ऑफिसात कुणाला देत नाही.

तर हे सगळं सुरळीत चाललेलं असताना आई आली. गुडघा दाखवायचा होता म्हणून चार दिवस. मंगळवारी सकाळी तिने फ्रीज उघडला, मी दाढी करत होतो, आतून आवाज आला.

"अरे, हे कधीचं?"

मी म्हटलं, "परवाचं."

मग बराच वेळ काही आवाज नाही. आईची शांतता मला लहानपणापासून कळते. बाहेर आलो तर डबा ओट्यावर, झाकण काढलेलं, आणि ती नाक जवळ नेऊन वास घेत होती.

"परवाचा मसूर खातोस व्हय तू? एवढी पगाराची नोकरी आणि परवाचं?"

मी तिला सांगायला लागलो, आई, हे शिळं नव्हे, हे मुद्दाम आधी करून ठेवायचं असतं, मुरतं ते. ती म्हणाली लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, शिजवलेलं कडधान्य मुरत नाही, आंबतं. आता यावर काय बोलणार, तिचं पण खरंच आहे, तिच्या लहानपणी घरात फ्रीज नव्हता, उन्हाळ्यात सकाळची उसळ संध्याकाळपर्यंत फेसाळायची, तिची व्याख्या त्या उसळीवर बेतलेली आहे. आणि मसूर तर तिच्या सासूच्या, म्हणजे आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात चातुर्मासात शिरायचाच नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल आधीच जरा संशय.

मी चमचाभर बशीत काढून दिला. तिने आधी एक दाणा खाल्ला, एकच. मग चमचा.

"कोसंबरी आहे की ही," ती म्हणाली. आईचं माहेर कर्नाटकात, अथणीजवळ, तिकडे रामनवमीला भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी करतात, काकडी, खोबरं, लिंबू, वरून फोडणी. "सॅलड काय सॅलड. आणि फोडणी कुठाय?"

मी म्हटलं तेल कमी सांगितलंय. तर म्हणे एक चमचा तेलानं कुणी मरत नाही, आणि लोखंडी पळीत मोहरी, हिंग, कढीपत्ता, एक सुकी मिरची, चर्र करून माझ्या त्या दिवसाच्या डब्यावर ओतलं. सांगायला लाज वाटते, पण तीन महिने मी जे करत होतो त्याला काय कमी पडत होतं ते त्या दिवशी कळलं. हिंग. ऑफिसात डबा उघडल्यावर पलीकडच्या टेबलावरचा माणूस मान वर करून बघायला लागला. आता मी रोज सकाळी फोडणी घालतो, अर्धा चमचा तेलाची, आणि मसुरात आधी घालायचं तेल तेवढं कमी करतो, म्हणजे हिशोब तोच राहतो.

पण शिळ्याच्या बाबतीत ती काही हटली नाही. रात्री पुन्हा तेच, उद्या हा टाकून दे, मी ताजी उसळ करून देते. मी म्हटलं टाकायचा नाही, बुधवारचा डबा राहिलाय, बुधवारी संपतो तो, त्याच्यापुढे मीच ठेवत नाही. बरं म्हणाली.

बुधवारी सकाळी मला मीटिंग होती, गडबडीत सात वाजताच निघालो आणि डबा फ्रीजमध्येच राहिला. दुपारी कँटीनमध्ये पोहे खाल्ले. संध्याकाळी घरी आलो, म्हटलं आता तरी खाऊन टाकू, फ्रीज उघडला तर मागच्या बाजूला जागा रिकामी. काचेचा डबा घासून, पुसून ओट्यावर पालथा घातलेला.

"आई, मसूर कुठाय?"

ती टीव्ही बघत होती, मान न वळवता म्हणाली, "खाल्ला मी. शिळा झाला होता, म्हटलं कशाला वाया घालवायचा."