व्हिनेगरचा वास

१४ जुलै, रात्र

शेरखानच्या, म्हणजे ‘जंगल बुक’ या जपानी कार्टून मालिकेसाठी हाताने रंगवलेल्या माझ्याकडच्या मूळ चित्राच्या, पाकिटाला आंबट वास येतोय. अगदी हलका. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडून लगेच लावलं तर येईल, तेवढाच. ताई म्हणते, पावसात सगळ्याच कपाटांना वास येतो. पण कोंदट वास वेगळा. हा ॲसेटिक ॲसिडचा आहे, आणि तो कशाने येतो हे ठाऊक असल्यामुळेच डोळा लागत नाहीये.

असं चित्र ज्यावर काढतात तो सेल म्हणजे सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पारदर्शक तुकडा. ओल आणि उष्णता मिळाली की त्यातून ॲसिड सुटू लागतं, आणि सुटलेलं ॲसिडच पुढची झीज वाढवतं. दुधाला विरजण लागल्यासारखं. मग सेल आकसतो. मागच्या बाजूने लावलेला रंग मात्र तेवढा आकसत नाही, म्हणून आधी लाटा येतात आणि पुढे रंगाचे पोपडे सुटतात. हे उलटं फिरवता येत नाही, फक्त लांबवता येतं.

आणि मी ते लांबवलं नाही, हेच खुपतंय. पिशवी हवाबंद होती. मुंबईच्या हवेत याहून सुरक्षित काय, असं वाटलं होतं. पण बंद पिशवीत ॲसिडही आतच कोंडतं. त्यात कपाट लाकडी, म्हणजे लाकडातूनही आम्ल वाफा येणार. वर एकाच डब्यात सगळे सेल एकमेकांना चिकटून. एकाचा वास दुसऱ्याला लागतो तो नुसता वास नसतो. एवढी वर्षं जुन्या ॲनिमेवर, म्हणजे जपानी कार्टूनवर, जीव टाकायचा आणि हातात आलेला एक सेल नीट ठेवता येऊ नये. आई असती तर... जाऊ दे.

आज रात्री एवढं केलं. शेरखान इतरांपासून वेगळा काढला. पीव्हीसीचं कव्हर फेकलं. आता वरून उघडी पॉलिप्रॉपिलीनची पिशवी, आणि तिच्या आत सेलच्या मागे ॲसिड शोषणारा झिओलाइटचा कागद. मागची पेन्सिलची ड्रॉइंग एका कोपऱ्यात रंगाला चिकटली आहे, ती ओढली नाही. ओढली की रंग कागदाबरोबर येतो. डबा लोखंडी कपाटात, आडवा, वर काही वजन नाही. सिलिका जेलचे नारिंगी दाणे हिरवे पडले होते, ते १२० अंशांवर भाजून पुन्हा नारिंगी केले. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास हवी. त्याखाली फार गेली तर रंगाला तडे जातात. फ्रिजचा विचार मनात आला होता, पण बाहेर काढताना दव धरतं, म्हणून सोडला.

स्कॅनही केला. रेघांची बाजू काचेकडे, मागे पांढरा कागद, ६०० डीपीआय, झाकण न दाबता. लाटा असलेल्या सेलला सीसीडी स्कॅनरच हवा, दुसऱ्या प्रकारच्या स्कॅनरमध्ये काचेपासून उचललेला भाग धूसर येतो. मोठा करून पाहिलं तर मिशांजवळची काळी रेघ तपकिरी झाली आहे. ती वासाच्याही आधीपासून जात असणार.

मग बराच वेळ पडद्यावर तोच चेहरा बघत बसले. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, आणि या मालिकांमध्ये एक चित्र बऱ्याचदा तीन फ्रेम टिकतं. म्हणजे हा जबडा अर्ध्यावर उघडलेला शेरखान साधारण एक अष्टमांश सेकंद दिसण्यासाठी काढला गेला. एका भागाला असे हजारो सेल लागायचे, आणि असे ५२ भाग. चित्रीकरण झालं की स्टुडिओच्या लेखी तो उरलेला माल. १९६३ च्या ‘ॲस्ट्रो बॉय’ या जपानी मालिकेपासून कितीतरी सेल असेच टाकले गेले. ज्यांनी तो रंगवला त्यांनी तो तीसेक वर्षं टिकावा म्हणून रंगवलाच नव्हता. हे कळलं तेव्हा खांदे जरा सैल झाले.

आणि मला आवडणारा शेरखान तरी या तुकड्यावर कुठे पूर्ण आहे? १९८९ मध्ये जपानमध्ये सुरू झालेली ती मालिका, पण आमच्या कानांत नाना पाटेकरांचा आवाज. तो या सेलवर कधी नव्हताच. मागची रानाची पार्श्वभूमी वेगळ्या कागदावर, तीही माझ्याकडे नाही. माझ्याकडे आहे तो त्या गुरगुरण्याचा एक अष्टमांश सेकंद, मागून सपाट भरलेला रंग आणि वरची टॅपची, म्हणजे सेल जागेवर बसवायच्या खुंट्यांची, तीन भोकं. सेल उलटा धरला की रंगाचे थर दिसतात, कुणीतरी कानाच्या टोकाशी ब्रश उचललेला दिसतो. ते मला अजूनही फार आवडतं.

‘साझाए-सान’ या जपानी मालिकेने २०१३ पर्यंत सेल धरून ठेवले होते. आता नवे होणारच नाहीत. ते मात्र... आज नको.

वास अजून आहे. नाक डब्याशी नेऊन तीनदा पाहिलं. ॲसिड ओळखणारी चाचणीची निळी पट्टी आत ठेवली आहे, तिला २४ तास लागतात. निळीच राहिली तर झीज अजून पट्टीला जाणवण्याइतकी नाही, हिरवट झाली तर झीज वेग घेते आहे, पिवळी झाली तर फार पुढे गेलंय. उद्या रात्री अकराला डबा उघडायचा. त्याआधी उघडायचा नाही.